ब्लेनाव्हॉनची खाण

दक्षिण वेल्समध्यें ब्लेनाव्हॉन नांवाचें एक लहानसें डोंगरी गांव आहे. लोखंड आणि दगडी कोळसा यांवर जवळजवळ दोन शतकें जगलेल्या या गांवाच्या खुणा पाहण्यास मंडळींचे घोळके येतात. श्रोत्यांनीं क्षणभर त्यांच्यासमवेत चालावें.

प्रथम लागतो लोखंडाचा कारखाना. लोहखनिज, चुनखडी व कोळसा एकाच परिसरांत मिळाल्यामुळें १७८९ सालीं येथें भट्ट्या पेटल्या. पुढें १८७८ च्या सुमारास सिडने गिलख्रिस्ट टॉमस आणि त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट यांनीं स्फुरदयुक्त खनिजापासून पोलाद करण्याची युक्ति येथेंच सिद्ध केली. तिचा मोठा लाभ मात्र जर्मनी व अमेरिका यांस झाला.

जवळच कामगारांच्या मुलांसाठीं असलेल्या विनामूल्य शाळेची इमारत आहे. कारखानदार सॅम्युएल हॉपकिन्स याच्या स्मरणार्थ त्याची बहीण सेरा हिनें ती १८१६ सालीं बांधविली. परंतु त्याच काळांत दक्षिण वेल्समधील पांच-सहा वर्षांचीं मुलें खाणींत वायुवीजनाचे दरवाजे उघडीत व लावीत अंधारांत बसत. १८४२ च्या कायद्यानें दहा वर्षांखालील मुलगे आणि सर्व स्त्रिया यांस भूगर्भांतील काम बंद झालें.

शेवटीं ‘बिग पिट’ ही खाण. १९८० सालीं ती बंद पडली आणि १९८३ सालीं लोकांस पाहण्यास खुली झाली. पाळण्यांत बसून ३०० फूट खालीं जावयाचें. त्यापूर्वीं काड्यापेटी, घड्याळ, भ्रमणध्वनी हीं सारीं वर ठेवावीं लागतात. कारण एका ठिणगीनेंहि खाणींतील ज्वालाग्राही वायु पेट घेऊं शकतो. खालीं घोड्यांचे तबेले आहेत. वाटाड्या सर्वांस दिवे मालवावयास सांगतो, तेव्हां स्वतःचा हातहि दिसत नाहीं. दरवाज्याशीं बसणाऱ्या मुलाचा दिवस कसा जात असेल, हें मग निराळें सांगावें लागत नाहीं.

२००० सालीं या परिसरास जागतिक वारशाचा मान मिळाला. भिंती व यंत्रें त्यामुळें टिकतील. पण येथील वाटाडे हे पूर्वीं स्वतः खाणींत राबलेले. वेल्समधील ‘टॉवर’ ही शेवटची मोठी खोल खाण २००८ सालीं बंद झाली. तेव्हां असे अनुभवी वाटाडे यापुढें तयार व्हावयाचे नाहींत. म्हणून त्यांचे बोल आज ऐकून, टिपून ठेवणें हें यंत्रांस तेल देण्याहून अधिक निकडीचें काम आहे.