अंदमानला निघण्यापूर्वी

आपल्या मंडळाच्या सहली आजवर आळंदी-देहू, महाबळेश्वर, गणपतीपुळे अशाच होत आल्या. डबे बांधून घ्यायचे आणि फार तर तिसऱ्या दिवशी घरी परतायचे. यंदा वर्धापनदिनाच्या निमित्ताने अंदमानला जावे असा विचार बैठकीत निघाला, तेव्हा तरुण भगिनींनी टाळ्या वाजवल्या. आमच्या सर्वांत ज्येष्ठ सभासद मात्र म्हणाल्या, "अगं बाई, काळ्या पाण्यावर? आणि तेही आपण होऊन, वर पैसे भरून?" सगळ्याजणी खूप हसलो. माहिती गोळा करण्याचे काम रिवाजाप्रमाणे माझ्याकडे आले. मी शाळेत इतिहास शिकवला. त्यामुळे मला विमानांच्या वेळाही ठाऊक असणार असा मंडळाचा समज आहे.

प्रथम व्यवहाराचे सांगते. चेन्नईहून समुद्रमार्गे हे अंतर सुमारे बाराशे किलोमीटर. जहाजाला जवळजवळ तीन दिवस लागतात. विमान सव्वादोन-अडीच तासांत उतरवते. ज्या शहरात उतरायचे ते पोर्ट ब्लेअर. सप्टेंबर २०२४ पासून त्याचे नाव श्री विजयपुरम असे आहे. पावसाळा तेथे मे महिन्यातच सुरू होतो आणि पुढे परतीचा पाऊसही झोडपतो, म्हणून जानेवारी ते मार्च हा काळ आपल्याला सोयीचा. बेट पूर्वेला फार दूर, आणि घड्याळ मात्र आपलेच. त्यामुळे थंडीच्या दिवसांत पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. सकाळी आवरायला उशीर करणाऱ्या भगिनींनी याची नोंद घ्यावी. किनाऱ्यावरचे प्रवाळ उचलून आणू नये, आणि वाटेत जारवा लोक दिसले तर त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत. दोन्हीला कायद्याने बंदी आहे.

इतके टिपून झाल्यावर खरे तर माझे काम संपले होते. पण त्या ज्येष्ठ बाईंचा शब्द मनातून जाईना. माझी आजी फार संतापली की "जा काळ्या पाण्यावर" असे म्हणे. लहानपणी मी तिला एकदा विचारले होते, "आपल्याकडचे कोणी गेले होते का गं?" तिने उत्तर न देता मला दूध तापवायला पाठवले. तो प्रश्न इतकी वर्षे तसाच राहिला होता. म्हणून मी पुस्तके काढून बसले.

इंग्रजांनी १७८९ साली आर्चिबाल्ड ब्लेअर या अधिकाऱ्याकडून येथे पहिली वसाहत करविली. रोगराईमुळे ती १७९६ साली सोडून द्यावी लागली. पुढे १८५७ चा उठाव झाला, तुरुंग भरून गेले, आणि १० मार्च १८५८ रोजी डॉक्टर वॉकर दोनशे कैदी घेऊन बेटावर उतरला. त्यांच्याकडून त्याने जंगल तोडविले. समोरच्या लहानशा रॉस बेटावर साहेबांचे बंगले, देऊळ म्हणजे त्यांचे चर्च, बेकरी आणि नाचघर उभे राहिले. या बेटाला २०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप म्हणतात. तेथील पडक्या भिंतींवर आता वडापिंपळाची मुळे चढली आहेत आणि हरणे हिंडतात. ते आपल्या कार्यक्रमात आहेच.

सेल्युलर जेल तर आपण पाहणारच. १८९६ ते १९०६ या दहा वर्षांत ते बांधले. मधोमध मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या सात इमारती. प्रत्येक कैदी एकेकट्या कोठडीत, एकाचे तोंड दुसऱ्याला दिसू नये अशी रचना. सातांपैकी आज तीनच उभ्या आहेत. सावरकर १९११ च्या जुलैत तेथे पोचले आणि १९२१ च्या मे महिन्यात तेथून हलवले गेले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव त्यांच्याआधीपासून त्याच तुरुंगात होते. कोलू ओढण्याची शिक्षा, काथ्या कुटणे, हे सारे आपण शाळेत वाचलेले आहे. पण घरी राहिलेल्या दोघी जावांचा विचार आपण कितीसा करतो? धाकट्या यमुनाबाई दीर डॉक्टर नारायणराव यांच्यासह १९१९ साली बेटावर जाऊन पतीला भेटू शकल्या. मध्ये आठ वर्षे गेली होती. थोरल्या येसूवहिनींच्या वाट्याला ती भेट आली नाही. पतीला पाहण्याची आस घेऊनच त्या वारल्या.

येथवरचे सर्वांना थोडेबहुत ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते ते पुढचे. अंदमानात बायकाही कैदी म्हणून जात होत्या. वसाहत सुरू झाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांची पाठवणी सुरू झाली. पुरुषांच्या मानाने त्या फार थोड्या. त्यांच्यासाठी साऊथ पॉइंट या भागात वेगळा तुरुंग होता. त्यांतल्या कित्येकींवर खुनाचा आरोप शाबीत झालेला होता, आणि खून पुष्कळदा स्वतःच्या नुकत्या जन्मलेल्या मुलाचा. बालविधवेचे पाऊल घसरले, किंवा घरातल्याच कोणी तिला फशी पाडले, की पुढे दोनच वाटा उरत: विहीर, नाहीतर बाळाच्या गळ्याला नख.

अशी एक बाई आपल्या पुण्याचीच. जोतीराव फुल्यांनी १८८४ साली बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर आपले मत लिहून दिले, त्यात तिची हकीगत आहे. नाव काशीबाई. तरुण, गरीब, अब्रूदार घरची ब्राह्मण विधवा. फुल्यांचे मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला होती. एका शहाण्यासुरत्या शास्त्रीबुवाने तिला नादी लावले. दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले. मुलगा झाला, आणि लोकलज्जेने तिने त्याला सुरीने मारून घरामागच्या विहिरीत टाकले. दोन दिवसांनी प्रकार उघडकीस आला. पुण्याच्या सेशन कोर्टात खटला चालला आणि तिला जन्मठेप, काळे पाणी झाले. शास्त्रीबुवाला काय झाले? काही नाही. कायद्याच्या दृष्टीने त्याने काही केलेच नव्हते.

या घटनेने जोतीराव आणि सावित्रीबाई यांना स्वस्थ बसू दिले नाही. १८६३ साली त्यांनी स्वतःच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. अडचणीत सापडलेल्या विधवांनी गुपचूप येऊन बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवावे, अशा जाहिराती गावात लावल्या. फुल्यांच्याच हिशोबाप्रमाणे १८८४ पर्यंत पस्तीस विधवा तेथे आल्या. आलेल्यांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली, आणि अशाच एका विधवेचा मुलगा या दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत.

सुरतेच्या विजयालक्ष्मीचीही कथा अशीच. १८८१ साली तिला बालहत्येसाठी फाशी फर्मावली. अपिलात फाशीऐवजी काळे पाणी झाले, पुढे तेही उतरून पाच वर्षांवर आले. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर जी झोड उठली ती वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली, आणि १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' छापून निघाले. बाईलाच का दोष, हा त्यांचा प्रश्न काशीबाईच्या खटल्यालाही तितकाच लागू पडतो.

आता बेटावर या बायकांचे काय होई ते ऐका. पाच वर्षे झाली की स्त्री कैद्याला लग्नाची परवानगी मिळे. ज्या पुरुष कैद्यांना वागणूक चांगली ठेवल्याबद्दल स्वतःच्या कमाईवर राहण्याची मुभा असे, ते उमेदवार. दोहोंकडच्यांना समोरासमोर उभे करीत आणि पसंती होई. लग्न केले तर ती तुरुंगाबाहेर नवऱ्याच्या झोपडीत राहू शके, आणि पंधरा वर्षांनी दोघांची मुदत भरली की दोघे मिळून बेट सोडू शकत. न करील तिला वीस वर्षे थांबावे लागे. शादीपूर नावाची वस्ती त्या शहरात आजही आहे. या लग्नांवरून ते नाव पडले असे तिकडचे लोक सांगतात. जात, प्रांत, भाषा यांची मोडतोड होऊन जी मुले जन्मली त्यांचे वंशज तेथे आहेत, आणि त्यांची बोली हिंदुस्थानी आहे.

हे वाचताना मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, आणि बेटावरची वसाहत १८५८ ची. कायदा होऊन सदतीस वर्षे उलटल्यावर, १८९३ साली, धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाईंशी पुनर्विवाह केला, तर मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. म्हणजे जी गोष्ट आपल्या गावात महापाप, ती काळ्या पाण्यावर सरकारी नियम! दुसऱ्या लग्नाची मुभा आणि तान्ह्या मुलाला उजळ माथ्याने मांडीवर घेण्याची सोय आपल्या बाईला मिळाली ती खुनी ठरल्यावर. मात्र ती सोय म्हणजे सुख होते असे मी म्हणत नाही. बाजारात गुरे उभी करतात तशा रांगेत उभे राहून मिळालेला संसार तो. तरीपण लाज कोणाला वाटायला हवी होती, हा विचार माझा पिच्छा सोडीत नाही.

पुढच्या बैठकीत मी हे सारे वाचून दाखवले आणि सुचवले की सहलीतला अर्धा दिवस साऊथ पॉइंट आणि शादीपूरसाठी ठेवावा. चर्चा झाली, थोडी तापलीही. एक भगिनी म्हणाल्या, "वर्षातून चार दिवस घरातून मोकळ्या होतो, त्यात हे रडगाणे कशाला? मला निळे पाणी पाहायचे आहे." त्यांचे म्हणणे मला मुळीच चुकीचे वाटले नाही. तिकडचा समुद्र खरोखरच निळा-हिरवा आहे म्हणतात, आणि तो डोळे भरून पाहणे हाही आपला हक्कच आहे. दुसऱ्या एकीने विचारले, "खून करणाऱ्या बाईसाठी आपण जायचे?" यावर कोणीच बोलेना. तेवढ्यात सुरुवातीला हसवणाऱ्या त्याच ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "आमच्या गावच्या वाड्यात एक विहीर होती. तिचे पाणी कोणी पीत नसे. का, ते आम्ही मुलींनी विचारायचे नव्हते." एवढेच बोलून त्यांनी चहाचा कप उचलला. माझा प्रश्न आणि आजीचे दूध मला तेव्हा आठवले. अर्ध्या दिवसाचा ठराव मतांवर न घालताच मंजूर झाला.

तेव्हा सहलीची आखणी अशी झाली आहे. चार दिवस समुद्र, वाळू, बेटे, आणि ज्यांना हौस असेल त्यांना काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळदर्शन. एक सकाळ सेल्युलर जेलमध्ये, आणि दुपारी साऊथ पॉइंटला थोडे थांबणे. भाषण, हारतुरे काही नाही. प्रत्येकीने आपल्या मनात काय म्हणायचे ते म्हणावे.

एक भर मात्र मी माझ्या अधिकारात घातली आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी सर्वांनी सकाळी नऊ वाजता गंज पेठेतील महात्मा फुले वाड्यात जमावे. काशीबाईला बेटावर नेले तेव्हा तिला निरोप द्यायला कोण गेले असेल? आपली सहल त्या दारापासून निघू दे, कारण पुण्यात तिच्यासारखीला उघडलेले ते पहिले दार. ज्येष्ठ बाई वयामुळे अंदमानला येणार नाहीत. पण वाड्यापर्यंत रिक्षाने येते म्हणाल्या आहेत.