जुनी मोटार दूरगावी धाडताना

७ मार्च १८७० रोजी भुसावळ-जबलपूर-अलाहाबादवरून मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला. बैलगाडीने महिनोन्‌महिने चालणारा माल वाघिणीत चढला. पुढे मोटारीही चढल्या. जुने प्रवासी डबे, खिडक्या बंद करून नि टोकांना दारे काढून, मोटारी नेण्यासाठी वापरले जाऊ लागले. म्हाताऱ्या डब्यांत नव्याकोऱ्या मोटारी!

पण मोटारच म्हातारी असली तर? टाकी रिकामी करा, बॅटरीची तार सोडवा, ओरखडे लिहून ठेवा. दोर सांगाड्याला नव्हे, चाकांना बांधा. कारण धक्क्यांनी सांगाडा पाट्यांवर खालीवर होतो, दोर सैल पडतो. बैलगाडी उभी करताना तुम्हीही चाकालाच दगड लावता ना? तीन पिढ्यांनी जपलेली वस्तू एका सैल दोरापायी गमावू नका.