रसायनशास्त्र शिक्षकांसाठी परिषदा : कोठे जावे, रजा व खर्चाची सोय कशी करावी

प्रस्तावना

शाळेत विज्ञान शिकवणारे शिक्षक, कनिष्ठ महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे शिक्षक आणि पदवी-पदव्युत्तर वर्गांना शिकवणारे प्राध्यापक अशा सर्वांसाठी देशात दरवर्षी परिषदा, अधिवेशने व कार्यशाळा होतात. अनेक शिक्षकांना त्यांची माहिती वेळेवर मिळत नाही. मिळाली तरी रजा कोणती घ्यावी, खर्च कोण देणार, त्याचा सेवेत उपयोग काय, हे स्पष्ट नसते. काही जण पदरचे पैसे भरून अशा परिषदेचे प्रमाणपत्र आणतात, जे पुढे पडताळणीच्या वेळी ग्राह्य धरले जात नाही. हे टाळण्यासाठी आवश्यक माहिती या लेखात दिली आहे.

परिषदेत जाऊन काय मिळते

रसायनशास्त्र हा विषय अनेक शाळांत एकच शिक्षक शिकवतो. मोल संकल्पना मुलांना का कळत नाही, समीकरण संतुलित करताना तीच चूक पुन्हा का होते, याबद्दल बोलायला शाळेत दुसरे कोणी नसते. परिषदेत याच अडचणी असलेले शिक्षक भेटतात. याशिवाय पुढील लाभ होतात.

- कमी रसायनात, कमी खर्चात करता येणारे प्रयोग प्रत्यक्ष पाहायला मिळतात. उदा. चंचुपात्राऐवजी ठिपका-पट्टीवर काही थेंबांत केलेले अनुमापन, जास्वंद किंवा हळदीचे दर्शक.
- धोकादायक रसायनांना पर्याय व टाकाऊ रसायनांची विल्हेवाट याबद्दल माहिती मिळते.
- ऑलिम्पियाड व इतर स्पर्धांसाठी विद्यार्थ्यांची तयारी कशी करावी, हे समजते.
- स्वतःच्या वर्गातील काम मांडता येते व त्यावर इतर शिक्षकांचे मत मिळते.

परिषदा कोणत्या

१. राष्ट्रीय रसायनशास्त्र शिक्षक अधिवेशन
असोसिएशन ऑफ केमिस्ट्री टीचर्स (एसीटी) ही रसायनशास्त्र शिक्षकांची देशव्यापी संघटना आहे. तिचे कार्यालय मुंबईत मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आहे. संघटनेचे राष्ट्रीय अधिवेशन वेगवेगळ्या राज्यांतील संस्थांमध्ये भरते. शाळा, कनिष्ठ महाविद्यालय, महाविद्यालय व विद्यापीठ अशा सर्व स्तरांवरील शिक्षक त्यात भाग घेतात. तुम्ही पहिल्यांदाच परिषदेला जात असाल, तर येथून सुरुवात करणे सोयीचे आहे.

२. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे कार्यक्रम
हे केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असून त्याची स्थापना १९७४ मध्ये झाली. विज्ञान, तंत्रज्ञान व गणित शिक्षणातील संशोधनावर केंद्र ‘एपिस्टेम’ ही आंतरराष्ट्रीय परिषद भरवते. तिची पहिली परिषद २००४ मध्ये गोव्यात झाली. ऑलिम्पियाडच्या संदर्भात शिक्षकांसाठी शिबिरेही केंद्रात घेतली जातात.

३. रसायनशास्त्रज्ञांच्या संस्थांची अधिवेशने
इंडियन केमिकल सोसायटी (स्थापना १९२४, पहिले अध्यक्ष आचार्य प्रफुल्लचंद्र रॉय) आणि केमिकल रिसर्च सोसायटी ऑफ इंडिया (स्थापना १९९९) यांच्या अधिवेशनांत मुख्यतः संशोधन मांडले जाते. संशोधन करणाऱ्या महाविद्यालयीन प्राध्यापकांना ती अधिक उपयोगी आहेत.

४. आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र शिक्षण परिषद
शुद्ध व उपयोजित रसायनशास्त्राचा आंतरराष्ट्रीय संघ, म्हणजेच आययूपॅक, यांच्या वतीने ही परिषद साधारण दोन वर्षांनी वेगवेगळ्या देशांत भरते. २०१८ मध्ये ती ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे व २०२४ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे झाली.

५. जवळचे पर्याय
लांब जाणे शक्य नसेल, तर भारतातील तीन विज्ञान अकादमी महाविद्यालयांमध्ये घेत असलेल्या व्याख्यान-कार्यशाळांची चौकशी करा. शाळेतील शिक्षकांनी जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेशी (डाएट) संपर्क ठेवावा. महाराष्ट्रात केंद्रस्तरावर शिक्षण परिषद होते. राष्ट्रीय परिषदेत मांडायचे काम आधी तेथे मांडून पाहिले, तर प्रश्नांचा सराव होतो.

सेवेच्या दृष्टीने उपयोग

शाळेतील शिक्षक
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास कार्यक्रम पूर्ण करणे अपेक्षित आहे. यात कार्यशाळा व ऑनलाइन अभ्यासक्रम यांचा समावेश होतो. परिषदेचे किती तास धरले जातील, हे तुमचे राज्य किंवा मंडळ ठरवते. म्हणून जाण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून लेखी खात्री करून घ्या आणि प्रमाणपत्रावर तास किंवा दिवस नमूद आहेत का ते पाहा.

महाविद्यालय व विद्यापीठातील शिक्षक
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधन गुणांच्या तक्त्यात परिषदेसाठी पुढीलप्रमाणे गुण आहेत.

- आंतरराष्ट्रीय परिषद (परदेशात) : ७
- आंतरराष्ट्रीय परिषद (भारतात) : ५
- राष्ट्रीय परिषद : ३
- राज्य किंवा विद्यापीठ स्तर : २

याबाबत चार गोष्टी लक्षात ठेवा.

- हे गुण निमंत्रित व्याख्यान, साधनव्यक्ती म्हणून सहभाग किंवा शोधनिबंध सादरीकरण यासाठी आहेत. केवळ उपस्थितीच्या प्रमाणपत्राला हे गुण मिळत नाहीत.
- सादर केलेला निबंध परिषदेच्या कार्यवृत्तात पूर्ण छापून आला, तरी तो एकदाच मोजला जातो.
- परिषदा व धोरणविषयक दस्तऐवज या दोन घटकांचे गुण मिळून एकूण संशोधन गुणांच्या ३० टक्क्यांपेक्षा जास्त धरले जात नाहीत. त्यामुळे एकामागून एक परिषदा करून गुण भरून निघत नाहीत.
- दोन-तीन दिवसांची परिषद ही उजळणी वर्गाला पर्याय नाही. पदोन्नतीसाठी लागणारे अभ्यासक्रम किमान एक आठवड्याचे असावे लागतात. त्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण कार्यक्रमात नोंदणी करता येते.

रजा

महाविद्यालय व विद्यापीठातील शिक्षकांना याच नियमावलीनुसार एका शैक्षणिक वर्षात ३० दिवसांपर्यंत कर्तव्य रजा मिळू शकते. परिषद, परिसंवाद, उजळणी वर्ग यांसाठी ती आहे. संस्थेने पाठवलेले असणे किंवा संस्थेची परवानगी असणे आवश्यक आहे. म्हणून किरकोळ रजा टाकून परिषदेला जाण्याची घाई करू नका. आधी कर्तव्य रजेचा अर्ज द्या.

शाळेतील शिक्षकांच्या रजेचे नियम राज्य व व्यवस्थापनानुसार वेगळे असतात. निमंत्रणपत्र जोडून मुख्याध्यापकांमार्फत अर्ज करा आणि मंजुरीचा आदेश लेखी घ्या. परदेशी जायचे असल्यास शासकीय सेवेतील शिक्षकांनी सक्षम अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी व ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे.

खर्चाची सोय

- तुमचे महाविद्यालय : परिषदेला जाण्यासाठी आणि व्यावसायिक संघटनेच्या सभासदत्व शुल्कासाठी किती शिक्षकांना आर्थिक मदत दिली, ही बाब नॅकच्या मूल्यमापन निकषांत राहिली आहे. म्हणजे तुम्हाला मदत देणे महाविद्यालयाच्याही हिताचे आहे. प्राचार्यांकडे अर्ज करताना अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या (आयक्यूएसी) समन्वयकांनाही त्याची प्रत द्या.
- संयोजक : शासकीय संस्थांकडून परिषदेच्या संयोजकांना अनुदान मिळू शकते. ते थेट तुम्हाला मिळत नाही, पण त्यातून काही सहभागींची निवास व्यवस्था किंवा शुल्क सवलत केली जाते. नोंदणीपूर्वी पत्र पाठवून विचारा. संघटनेच्या सभासदांना कमी शुल्क ठेवण्याचीही पद्धत आहे.
- परदेश प्रवास : परदेशातील परिषदेत निबंध सादर करणाऱ्या भारतीय संशोधकांसाठी आंतरराष्ट्रीय प्रवास साहाय्य योजना विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ राबवत असे. २०२३ च्या कायद्यानुसार हे मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झाले आहे. अर्ज करण्यापूर्वी फाउंडेशनच्या संकेतस्थळावरील चालू अटी वाचा. तिकीट काढल्यानंतर अर्ज करू नका.

गोषवारा कसा लिहावा

बहुतेक परिषदा आधी गोषवारा मागवतात. तो स्वीकारला गेला, तर तोंडी सादरीकरण किंवा पोस्टर मांडण्याची संधी मिळते. यासाठी मोठी प्रयोगशाळा लागत नाही. वर्गातील एक प्रश्न नीट तपासलेला असला, तरी पुरेसे आहे.

समजा, आठवीच्या मुलांना वाटते की पाण्यात विरघळलेली साखर ‘नाहीशी होते’. तुम्ही ५० ग्रॅम पाणी व ५ ग्रॅम साखर घेतली आणि विरघळल्यावर वजन किती होईल याचा अंदाज मुलांकडून आधी लिहून घेतला. मग त्यांच्यासमोर तराजूवर ५५ ग्रॅम दाखवले. महिनाभराने तोच प्रश्न मिठाबाबत विचारला. हे काम गोषवाऱ्यात चार भागांत मांडता येते.

१. अडचण : मुलांची नेमकी चुकीची समजूत कोणती
२. पद्धत : किती मुले, कोणता वर्ग, काय केले
३. निष्कर्ष : आधी किती मुलांचे उत्तर बरोबर होते, नंतर किती जणांचे
४. मर्यादा : काय जमले नाही, पुढे काय करणार

आकडे वाढवून लिहू नका. सर्व मुलांना कळले असे लिहिण्यापेक्षा, महिन्यानंतर काही मुले पुन्हा जुन्याच उत्तराकडे का वळली हे लिहिलेत, तर इतर शिक्षकांना त्याचा जास्त उपयोग होतो. मुलांची नावे किंवा चेहरे ओळखू येतील अशी छायाचित्रे पालकांच्या परवानगीशिवाय वापरू नका.

बनावट परिषदा ओळखा

केवळ शुल्क गोळा करण्यासाठी भरवल्या जाणाऱ्या परिषदांपासून सावध राहा. पुढील खुणा दिसल्यास पैसे भरू नका.

- गोषवारा पाठवल्यावर काही तासांतच स्वीकारल्याचे पत्र येते आणि लगेच शुल्क मागितले जाते.
- एकाच परिषदेत रसायनशास्त्र, वाणिज्य, साहित्य, वैद्यक असे सर्व विषय असतात.
- संयोजक संस्थेचा पत्ता, विभाग किंवा जबाबदार व्यक्तीचे नाव दिलेले नसते.
- शुल्क संस्थेच्या खात्याऐवजी एखाद्या व्यक्तीच्या खात्यात भरायला सांगतात.
- न येताही ‘सादरीकरण प्रमाणपत्र’ देण्याचे आश्वासन असते.
- ‘आंतरराष्ट्रीय’ असे नाव असते, पण परदेशातील एकही वक्ता निश्चित नसतो.

शंका असल्यास संयोजक महाविद्यालयाच्या अधिकृत क्रमांकावर दूरध्वनी करून खात्री करा. निमंत्रित म्हणून ज्यांचे नाव छापले आहे त्यांना विचारणेही योग्य आहे.

जाण्यापूर्वी व आल्यानंतर : कागदपत्रांची यादी

- गोषवारा स्वीकारल्याचे पत्र
- परवानगी व कर्तव्य रजेचा आदेश
- नोंदणी शुल्काची पावती (संस्थेच्या नावाची)
- प्रवासाची मूळ तिकिटे व निवासाची पावती
- सादरीकरण केल्याचा स्पष्ट उल्लेख असलेले प्रमाणपत्र
- परिषदेची कार्यक्रमपत्रिका, ज्यात तुमचे नाव व वेळ आहे
- संस्थेला दिलेल्या एक-दोन पानी अहवालाची प्रत

पडताळणीच्या वेळी फक्त प्रमाणपत्र पुरत नाही. कार्यक्रमपत्रिका व रजेचा आदेश नसल्याने दावा अडकू शकतो. सर्व कागद एकाच फाइलमध्ये ठेवा.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : मी प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास शिकवतो. मला जाता येईल का?
उत्तर : होय. सर्व स्तरांवरील शिक्षकांसाठी खुल्या असलेल्या परिषदेत जाता येते. पदार्थाच्या अवस्था, विरघळणे, गंजणे हे विषय तुम्हीच मुलांना प्रथम शिकवता. तेथे रुजलेल्या समजुती पुढच्या शिक्षकांना कळणे गरजेचे आहे.

प्रश्न : माझे इंग्रजी चांगले नाही. काय करावे?
उत्तर : राष्ट्रीय परिषदेत गोषवारा सहसा इंग्रजीत मागतात. तो सोप्या, छोट्या वाक्यांत लिहा व सहकाऱ्याकडून तपासून घ्या. तोंडी सादरीकरणापेक्षा पोस्टर निवडा. त्यासमोर उभे राहून हिंदीत किंवा आपल्या भाषेतही बोलता येते.

प्रश्न : मी विनाअनुदानित संस्थेत किंवा तासिका तत्त्वावर काम करते. रजा व खर्च मिळेल का?
उत्तर : तुमच्या नेमणूक आदेशातील अटी लागू होतात. जाण्यापूर्वी प्राचार्यांची लेखी परवानगी घ्या आणि संयोजकांकडे शुल्क सवलतीची विनंती करा. सादरीकरणाचे प्रमाणपत्र जपून ठेवा. पुढे नियमित पदासाठी अर्ज करताना ते जोडता येते.

प्रश्न : वर्षात किती परिषदांना जावे?
उत्तर : संख्या महत्त्वाची नाही. वर्षातून एका चांगल्या परिषदेला स्वतःचे काम घेऊन जा. तेथे पाहिलेला किमान एक प्रयोग परतल्यावर पंधरा दिवसांत वर्गात करा आणि तो कसा झाला याची नोंद ठेवा. पुढच्या वर्षीच्या गोषवाऱ्याची सुरुवात त्या नोंदीतून होईल.