पार्किंगमध्येच कार वॉश: महाड-पोलादपुरात कसं जमेल?

तुम्ही कामात असताना पार्किंगमध्येच गाडी धुऊन मिळाली तर? महाड एमआयडीसीतल्या कंपन्या आणि मुंबई-गोवा महामार्गावरची हॉटेलं अशा सेवेसाठी सोयीची आहेत. आधी जागामालकाची परवानगी घ्या.

पाणी: पाइप सोडून दोन बादल्या वापरा. एक साबणाची, दुसरी कापड खळबळायला. पाणी बरंच वाचतं.

लाल चिखल: सुका पुसला तर रंगावर ओरखडे उठतात. आधी भिजवून सैल करा. पाण्याशिवायचा वॉश फक्त हलक्या धुळीसाठी.

डिटेलिंग: आतून व्हॅक्युम, सीटची सफाई, बाहेरून पॉलिश. पॉलिश सावलीतच करा.

सांडपाणी: साबण-तेलाचं पाणी गटारात सोडू नका. ते पुढे सावित्री नदीत जाऊ शकतं. नेमकं हेच ठरवण्याआधी गिऱ्हाईक घेऊ नका.