निवृत्तिवेतन आणि महागाई : उपकार नव्हे, हक्क

आपल्या समाजातील कितीतरी घरांत एखादे गुरुजी, तलाठी वा पोस्टमास्तर होऊन गेले. धानशेतीच्या जोडीस आलेल्या या नोकरीने अनेक संसार सावरले. नोकरी संपल्यानंतरच्या आधाराचा इतिहास मात्र तरुण पिढीस फारसा ठाऊक नाही. तो थोडक्यात सांगण्याचा आमचा मानस आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाव कडाडले, तेव्हा नोकरांस महागाई भत्ता मिळू लागला. निवृत्तांचे तसे नव्हते. निवृत्तीच्या दिवशी ठरलेला आकडाच पुढे चाले. मधूनमधून पडे ती तात्पुरती वाढ. गोंदियाच्या बाजारात तांदूळ चढला तरी म्हाताऱ्या गुरुजींचा आकडा सहसा जागचा हलत नसे. १९७३ साली तिसऱ्या केंद्रीय वेतन आयोगाने निवृत्तांची वाढ किंमत निर्देशांकाशी जोडण्याची शिफारस केली.

यानंतरची महत्त्वाची तारीख १७ डिसेंबर १९८२ ही होय. ३१ मार्च १९७९ पूर्वी निवृत्त झालेल्यांस सुधारित नियमांचा लाभ नाकारला गेला होता. नकारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी हा भेद रद्द केला. पुण्यात जन्मलेले यशवंतराव चंद्रचूड हे तेव्हा सरन्यायाधीश होते. निकालपत्र न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिले. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून पूर्वी केलेल्या सेवेचे मोल आहे, हे त्यातील सार. हाच दिवस आज निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळला जातो.

आपल्या राज्यात या वाढीस 'महागाई वाढ' म्हणतात. औद्योगिक कामगारांच्या किंमत निर्देशांकावरून तिचा दर १ जानेवारी व १ जुलै या तारखांपासून ठरतो. राज्याचा आदेश बहुधा काही महिन्यांनी निघतो. १ जानेवारी २०२४ पासून हा दर ५० टक्के झाला. म्हणजे मूळ निवृत्तिवेतन २०,००० रुपये असणाऱ्यास १०,००० रुपये वाढ. विधवा भगिनींच्या कुटुंबनिवृत्तिवेतनासही ती लागू असते, हे अनेकींस ठाऊक नसते.

१ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या नोकरांस मात्र ही जुनी योजना राहिली नाही. त्यांच्या वृद्धापकाळाची मदार गुंतवणुकीवर आली. त्यासाठीच मार्च २०२३ मध्ये राज्यव्यापी संप झाला, आणि मार्च २०२४ मध्ये शासनाने अंतिम वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन व त्यावर महागाई वाढ देण्याचे जाहीर केले.

समाजबांधवांस आमची एवढीच विनंती की, घरातील वृद्धांचा हयातीचा दाखला दर नोव्हेंबरात न चुकता द्यावा, बँकेचे पुस्तक स्वतः वाचून पाहावे, आणि वाढ जमा झाली नसल्यास संकोच न करता कोषागारात वा पंचायत समितीत विचारावे. जे कष्टाने मिळविले, ते मागण्यात लाज कसली?