काच पुसणाऱ्याचा हात

हरेगावच्या मतमाउलीची यात्रा जवळ आली, की नगर जिल्ह्यातील आपल्या गावोगावच्या चर्चमध्ये झाडलोट सुरू होते. खिडक्यांच्या काचा पुसण्याचे काम आपण सहसा ज्याचा हात रिकामा असेल त्याला देतो. ते कसबाचे काम आहे, असे आपल्या मनातही येत नाही. इतिहास मात्र वेगळे सांगतो.

बाराव्या शतकाच्या आरंभी थिओफिलस नावाच्या मठवासी धर्मबंधूने कारागिरीवर तीन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याचा दुसरा भाग काचकामाला वाहिलेला आहे. काचेवर रंगाने चेहरे रेखून ती भट्टीत भाजावी, ही रीत त्यात सांगितली आहे. भाजणी कच्ची राहिली, तर तो रंग पुढे सैल होतो. अशी काच कोणी खरडली, तर धुळीबरोबर संताचा चेहराही जातो. तो परत येत नाही.

मुंबईचा राजाबाई मनोरा व विद्यापीठ ग्रंथालय १८७८ साली पुरे झाले. २०१३ ते २०१५ या काळात त्यांचे जतनकाम झाले, तेव्हा तेथील रंगीत काचांचे काम स्वाती चांदगडकर यांनी केले. २०१८ साली युनेस्कोने या जतनकामाचा गौरव केला. अशा कामात आधी तपासणी व नोंद. मग शुद्ध पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा, आणि रंग सुटतो आहे असे दिसताच हात थांबवणे.

हात कोठे थांबवावा हे ज्याला कळते, तोच खरा कारागीर. आपल्या चर्चच्या काचा साध्या असोत वा रंगीत, त्या पुसणाऱ्याला आपण नीट शिकवावे आणि त्याच्या कसबाचे योग्य दाम द्यावे.