कुबडी महसीर

कुबडी महसीर (शास्त्रीय नाव : टॉर रेमादेवी) हा कार्प कुळातील गोड्या पाण्याचा मासा जगात केवळ कावेरी नदीच्या खोऱ्यात आढळतो. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने २०१८ मध्ये त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गात, म्हणजे निसर्गातून नामशेष होण्याचा धोका सर्वाधिक असलेल्या जातींमध्ये, केली. डोक्यामागून एकदम उंचावणारी पाठ व नारिंगी पर यांवरून तो ओळखला जातो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातील एकाने १९४६ मध्ये काबिनी नदीत गळाने पकडलेला या जातीचा मासा १२० पौंडांचा (सुमारे ५४ किलो) होता.

गळाने मासे धरणाऱ्यांना दीडशे वर्षांपासून परिचित असलेला हा मासा शास्त्रीय नावाने मात्र फार उशिरा निश्चित झाला. केरळातील पांबार या कावेरीच्या उपनदीतून वर्णन झालेली रेमादेवी ही जात आणि कुबडी महसीर एकच आहेत, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सिद्ध केले. त्यात पुण्याचे मत्स्यशास्त्रज्ञ नीलेश डहाणूकर यांचाही सहभाग होता. जातीची ओळख ठरल्याशिवाय तिच्या धोक्याचे मूल्यमापन होत नाही, त्यामुळे ऱ्हासाची सर्वांत महत्त्वाची वर्षे नोंदीविनाच गेली.

या ऱ्हासाचा एक धागा महाराष्ट्रात पोहोचतो. लोणावळ्याच्या टाटा वीज कंपनीच्या मत्स्यबीज केंद्रात दख्खनी महसीराच्या (टॉर खुद्री) कृत्रिम प्रजननाचे मोलाचे काम झाले. या जातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुणे परिसरातील नद्यांतल्या माशांवरून केले होते. लोणावळ्याच्या केंद्रातील बोटुकली, म्हणजे बोटाएवढी वाढलेली पिल्ले, महसीर वाढावेत या प्रामाणिक हेतूने कावेरीतही सोडण्यात आली. तेव्हा साऱ्या महसीरांकडे जवळपास एकच मासा म्हणून पाहिले जाई, आणि खरी चूक तेथेच झाली. कावेरीतील १९९८ ते २०१२ या काळातील गळमासेमारीच्या नोंदींत बाहेरून आलेल्या, निळसर परांच्या महसीरांची संख्या वाढत गेलेली, तर कुबडी महसीर विरळ होत गेलेले दिसतात. शिवाय सापडणारे कुबडी मासे आकाराने मोठेच असत, यावरून नवी पिढी तयार होत नसल्याचे अनुमान संशोधकांनी काढले. धरणे, वाळूउपसा आणि सुरुंगांनी होणारी मासेमारी ही संकटे याखेरीज आहेत.

२०१८ च्या अभ्यासासाठी नमुने मिळाले ते मुदुमलै व बंदीपूरच्या जंगलांलगत वाहणाऱ्या मोयार नदीतून; या नदीचे पाणीही जलविद्युत प्रकल्पांनी अडवलेले आहे.